कर्जतच्या पेढीवर लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. त्या वर्षीची दिवाळी तेव्हा अवघ्या आठवड्यावर आली होती. वीर निर्वाण संवत २५५२ च्या चोपड्या घरोघरी आणल्या जात होत्या आणि ज्या संगणकांवर वर्षभराचे खरे हिशेब होते, त्यांपैकी पुष्कळांची मुदत पूजनाआधीच संपत होती. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. त्यात सापडणाऱ्या नव्या उणिवांची दुरुस्ती मात्र कंपनी यापुढे पाठवत नाही. घरगुती ग्राहकांनी नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष मिळते, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार आणि जीएसटीचे विवरणपत्र चालते ते यंत्र उघड्या दारासारखेच होय.

विंडोज ११ घ्यावे, तर ती जुन्या यंत्रांवर बसत नाही. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप अशा तिच्या अटी आहेत. २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे या अटींत नापास होतात. हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रश्न कधीच संपलेला असतो. प्राप्तिकराच्या नियमांनुसार संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. तीस हजारांना घेतलेला संगणक दहा वर्षांनी पुस्तकात सुमारे १८१ रुपयांचा उरतो. परंतु पुस्तकातील किंमत आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८१ रुपयांचा तो संगणक बिले छापत असतो, पत्रे लिहीत असतो आणि मुलांना शाळेचा प्रकल्पही करून देत असतो.

कर्जतच्या बाजारपेठेतील किराणा व तेलाच्या एका जुन्या पेढीपुढे हाच प्रश्न उभा राहिला, परंतु तो आला वेगळ्याच दाराने. त्या वर्षी ऑगस्टमध्ये, पर्युषणात, अचौर्य व्रतावरील प्रवचन ऐकून घरातील वडीलधारे बाबूजी परतले. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, म्हणजे तदाहृतादान, आणि नकली वस्तूंचा व्यवहार, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हे दोन आहेत. वजनमापातील खोट हाही एक आहे. त्याबाबत या पेढीने तीन पिढ्या काटेकोरपणा पाळला. बाबूजींनी दुसऱ्या दिवशी दुकानातील संगणकाकडे पाहिले तेव्हा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करा अशी फिकट अक्षरे दिसत होती. ती कित्येक महिने तिथेच होती. त्यांनी सुनेला अर्थ विचारला. सूनबाई वाणिज्य पदवीधर, पेढीची बिले व खाती त्याच पाहतात. त्यांनी खरे ते सांगितले: दुरुस्ती करणाऱ्या मुलाने चहापाण्याच्या पैशांत विंडोज टाकून दिली होती, तिचा परवाना घेतलेलाच नव्हता.

“बाबूजी, बाजारात सगळ्यांकडे असंच आहे,” मुलाने म्हटले.

“काटा सगळ्यांचा खोटा असला तर आपणही खोटा ठेवायचा का?” बाबूजींनी विचारले.

यावर दुकानात फारशी चर्चा झाली नाही. घरात मात्र झाली. मुलाचे म्हणणेही गैर नव्हते. पेढीत एक डेस्कटॉप, घरी दोन लॅपटॉप. त्यांपैकी एकच अधिकृत विंडोजसह विकत घेतलेला. सगळी यंत्रे नवी घ्यायची तर ऐन सणाच्या भांडवलातून पैसा काढावा लागणार. जुनी भंगारात द्यायची, तर चालत्या वस्तू टाकून नव्या घेणे हे अपरिग्रहात कसे बसते, हा प्रश्न सासूबाईंनी उपस्थित केला. त्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता, पण मुद्दा त्यांचाच सर्वांत बिनतोड होता. शेवटी नववीतल्या नातवाने लिनक्सचे नाव काढले आणि काम सूनबाईंच्या अंगावर आले.

लिनक्स म्हणजे काय, हे आधी थोडे पाहिले पाहिजे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम तयार करीत असल्याचे जाहीर केले. संगणकाचा कारभार पाहणाऱ्या त्या मूळ प्रणालीचा गाभा म्हणजे लिनक्स. त्यापूर्वी, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत जीएनयू या नावाने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवली होती. दोहोंचा मेळ बसला. या चळवळीने लिहिलेल्या परवान्यात व्यापाऱ्याला चकित करणारी एक गोष्ट आहे: प्रत काढणे आणि ती दुसऱ्याला देणे हा घेणाऱ्याचा हक्कच आहे. इतरत्र जे कृत्य परवानाभंग ठरते, ते येथे परवान्यानेच मान्य केलेले आहे. शेजाऱ्याला लिनक्सची प्रत दिली तर अदत्तादान घडत नाही, कारण देणाऱ्याने ती आधीच दिलेली असते. बाबूजींना एवढे पुरले. तांत्रिक गोष्टींत त्यांनी नंतर लक्ष घातले नाही.

पुष्कळांना लिनक्स हे परके नाव वाटते, पण प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. केरळातील सरकारी शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू हे लिनक्सचेच रूप निवडले आणि खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्राने घडवली. रायगड जिल्ह्याचा संबंध तर याहून जुना आहे. २००७ मध्ये येथील खैरात या चिमुकल्या वस्तीतील एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीच्या वीसेक मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, या निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या कल्पनेचा तो भारतातील आरंभीचा प्रयोग होता. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला हा लॅपटॉप प्रत्यक्षात जवळपास दुप्पट महाग पडला आणि केंद्र सरकारने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. पण त्या यंत्रांत फेडोरा लिनक्स होते. म्हणजे कर्जतच्या व्यापाऱ्यांनी लिनक्सचे नाव ऐकण्यापूर्वी याच जिल्ह्यातील डोंगरकडेच्या मुलांनी ते हाताळले होते. नव्या प्रणालीची भीती वाटते ती जुनी सवय असणाऱ्याला. ज्याला सवयच नाही त्याला कसली भीती!

सूनबाईंना सवय होती, आणि म्हणून भीतीही होती. त्यांनी घरच्या सहाव्या पिढीच्या लॅपटॉपपासून आरंभ केला, कारण तो बिघडला तरी पेढी थांबणार नव्हती. नवख्या माणसाने कोणते लिनक्स घ्यावे यावर मते अनंत आहेत. शेकडो प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा अभिमानी वेगळा. त्यांनी लिनक्स मिंट निवडले. २००६ मध्ये सुरू झालेली ही आवृत्ती उबुंटूवर आधारलेली आहे आणि तिची मांडणी विंडोजसारखी, म्हणजे खाली पट्टी व डाव्या कोपऱ्यात मेनू, अशी आहे. पहिल्या आठवड्यात हा परिचितपणा फार उपयोगी पडतो.

पहिली अडचण पहिल्याच संध्याकाळी आली. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून त्यांनी ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली. लॅपटॉप सुरू केला, विंडोजच उघडली. असे दोनदा झाले. ती फाइल म्हणजे संपूर्ण तबकडीची प्रतिमा असते; ती रुफससारख्या साधनाने पेनड्राइव्हवर उतरवावी लागते, तरच यंत्र त्यावरून सुरू होते. शिवाय यंत्राला सांगावे लागते की आज पेनड्राइव्हवरून चालू हो. त्यासाठी चालू होताक्षणी एक कळ दाबायची. कोणत्या यंत्राला एफ २, कोणाला एफ १२, कोणाला एस्केप. कळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. फाइल पूर्ण व शुद्ध उतरली का, हे ताडून पाहण्याची सोयही असते. फोनच्या हॉटस्पॉटवरून, पावसात नेटवर्क ये-जा करीत असताना फाइल उतरवणाऱ्याने ती पायरी गाळू नये. मालाची पोच लिहून देण्यापूर्वी नग मोजण्यासारखेच हे आहे.

लिनक्सची एक सोय इतरत्र सहसा मिळत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर यंत्रात काहीही न बदलता संपूर्ण प्रणाली वापरून पाहता येते. आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, वाय-फाय चालते का, हे सर्व आधी कळते. सूनबाईंच्या लॅपटॉपवर वाय-फाय चालले नाही. हा अनेकांचा अनुभव आहे आणि बरेच जण येथूनच माघार घेतात. उपाय साधा होता: फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला दिले, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यात वाय-फायच्या चिपचा ड्रायव्हर सापडला आणि दहा मिनिटांत काम झाले. पण हा उपाय कळायला दोन दिवस गेले.

मग मुख्य प्रसंग. इन्स्टॉल करताना एक पडदा येतो: विंडोजच्या शेजारी बसवू, की संपूर्ण डिस्क पुसून बसवू? या एका प्रश्नावर दहा वर्षांचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि जुनी पत्रे उभी असतात. सूनबाईंनी त्या पडद्यापर्यंत जाण्यापूर्वी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी पेनड्राइव्हवर काढली होती. बँकेत ज्याला दुहेरी किल्ली म्हणतात, तोच न्याय. त्यांनी शेजारी बसवण्याचा पर्याय घेतला. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही सोय आधी बंद केली होती. ती चालू राहिली तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि तिच्या फाइल्स लिनक्समधून नीट लिहिता येत नाहीत. कर्जतला त्या दिवसांत वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. लॅपटॉपला बॅटरी होती, तरी इन्व्हर्टर तपासूनच काम सुरू झाले. अर्ध्या तासात ते आटोपले.

दुसऱ्या दिवशी एक चमत्कारिक प्रकार घडला. नातवाने विंडोज उघडली, तर घड्याळ साडेपाच तास मागे. संध्याकाळी सहा वाजता पडद्यावर साडेबारा. घरात चौविहार पाळणारी माणसे. सूर्यास्ताची वेळ सर्वांना तोंडपाठ, त्यामुळे कोणी फसले नाही, पण सासूबाईंनी या यंत्राच्या घड्याळावर विश्वास ठेवू नये असे जाहीर केले. कारण असे: यंत्राच्या आतले घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवते आणि त्यात साडेपाच तास मिळवून आपल्याला दाखवते, विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचते. एका ओळीच्या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावता येते. तसे केले आणि दोन्ही घड्याळे जुळली.

मराठीचा अनुभव मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगला ठरला. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट निवडले की झाले. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. ‘तऱ्हा’ आणि ‘दुसऱ्या’ यांतील अर्धा र नीट उमटतो, ळ आपल्या रूपात दिसतो. यामागे महाराष्ट्राचाच हात आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. आज लिनक्सवर मराठी सहज दिसते त्यात या फॉन्टचा मोठा वाटा आहे. अडचण आली ती जुन्या फाइल्सची. पेढीची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पत्रे आणि पाठशाळेचे अभ्यासपत्र युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले होते; लिब्रेऑफिसमध्ये ते उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसू लागला. हा लिनक्सचा दोष नव्हे. तो फॉन्ट नसलेल्या कोणत्याही संगणकावर हेच होते. सासूबाईंनी त्यांतील सामायिकाची सूत्रे शुद्ध करून पुन्हा टाइप करवून घेतली आणि त्या निमित्ताने जुन्या प्रतीतील अनेक चुका निघाल्या.

प्रिंटरने तीन संध्याकाळी खाल्ल्या. एका प्रसिद्ध कंपनीचा जुना लेझर प्रिंटर, बाजारपेठेत दर दुसऱ्या दुकानात दिसणारा. त्याचा ड्रायव्हर महत्प्रयासाने बसला आणि पुढच्या अद्ययावतीकरणानंतर पुन्हा रुसला. ज्याला लिनक्सवर जायचे आहे त्याने आधी प्रिंटरचे मॉडेल तपासावे. प्रोसेसरपेक्षा हे महत्त्वाचे.

आता पेढीचा डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी मेमरी, जुनी फिरती डिस्क. येथेही लिनक्स बसवून परवान्याचा प्रश्न कायमचा सोडवावा अशी बाबूजींची इच्छा होती. अडले ते टॅलीपाशी. टॅली विंडोजसाठीच बनते. वाइन नावाच्या मध्यस्थाद्वारे ती लिनक्सवर चालवण्याचे प्रयत्न होतात, परंतु कंपनी त्याची हमी देत नाही, आणि ज्या पुस्तकांवर जीएसटीचे विवरणपत्र व वर्षअखेरचे लेखापरीक्षण अवलंबून आहे ती पुस्तके बिनहमीच्या पायावर ठेवणे हे शहाणपणाचे नव्हे. ग्नूकॅश हे मुक्त हिशेब सॉफ्टवेअर चांगले आहे. द्विनोंदी पद्धत त्यात काटेकोर आहे. पण आपल्या जीएसटीच्या रचनेसाठी ते घडलेले नाही आणि सनदी लेखापाल दर महिन्याला टॅलीचाच बॅकअप मागतात. प्राप्तिकर व इतर कामांतील एक्सेलचे काही मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये चालत नाहीत, तीही अडचण होतीच. एकल मालकीच्या पेढीचे विवरणपत्र ब्राउझरमधून, फोनवर येणाऱ्या ओटीपीने भरता येते. तेवढ्यापुरते लिनक्स पुरेसे आहे. ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागते त्यांनी त्या टोकनाला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का हे आधी पाहावे.

सूनबाईंनी कागदावर दोन रकाने मांडले. जी कामे विंडोजशिवाय होत नाहीत ती एकीकडे: टॅली, आणि टॅलीतून निघणारी बिले. बाकी सर्व दुसरीकडे: ईमेल, बँक, पत्रे, मुलांचा अभ्यास, चित्रफिती. पहिल्या रकान्यासाठी अधिकृत विंडोज ११ सह एक नवा संगणक पेढीच्या नावे घेतला गेला. बिल घेतले, परवान्याचा कागद फाइलला लावला. मुलाला खर्चाचे दडपण होते, परंतु तीनऐवजी एकच यंत्र घ्यावे लागले हे त्यानेच बाबूजींना मोजून दाखवले. जुन्या डेस्कटॉपमधील बिनपरवान्याची विंडोज मात्र संपूर्ण डिस्क पुसून काढली. त्या दिवशी शेजारी बसवण्याचा पर्याय कोणी विचारातही घेतला नाही.

त्या डेस्कटॉपला एक छोटी एसएसडी बसवली आणि मिंटची हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती टाकली. जुन्या यंत्राला लिनक्सने जी गती येते असे म्हणतात, तिचा अर्धा वाटा खरे तर एसएसडीचा असतो. लिनक्सचे उत्साही प्रशंसक हे सांगायचे विसरतात. पूर्वी दुकानाचे शटर वर केल्यापासून संगणक हाताशी यायला पाच-सहा मिनिटे लागत, आता अर्धे मिनिट लागते. दुसरा फरक असा की ही प्रणाली स्वतःहून कधी बंद होऊन अद्ययावत होत नाही. सुधारणा आल्या आहेत एवढे सुचवते आणि वाट पाहते. टाइमशिफ्ट या सोयीने आदल्या स्थितीची नोंद ठेवता येते, बिघडल्यास मागे जाता येते. प्रिंटर रुसला त्या दिवशी सूनबाईंनी तेच केले.

व्हायरसचा धोका कमी असतो, पण नसतोच असे नाही. आणि बँकेचा ओटीपी फोनवर विचारणाऱ्या भामट्यापासून कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही.

नातवाची तक्रार कायम आहे. मित्रांचे दोन खेळ लिनक्सवर चालत नाहीत, आणि लॅपटॉपवर शेजारी ठेवलेल्या विंडोजकडे त्याचे पाय वारंवार वळतात. त्या लॅपटॉपची विंडोज अधिकृत असल्याने बाबूजी काही बोलत नाहीत. दुसरा लॅपटॉप पाठशाळेला दिला. तेथे रविवारी मुले पालथी मांडी घालून त्यावर चोवीस तीर्थंकरांची लांछने ओळखण्याचा तक्ता पाहतात. तो तक्ता सूनबाईंनी लिब्रेऑफिसमध्ये करून दिला आहे. पाठशाळेच्या शिक्षिकाबाईंनी लिनक्स म्हणजे काय असे विचारलेच नाही. मराठी टाइप होते का आणि चित्र मोठे दिसते का, एवढेच दोन प्रश्न त्यांनी केले.

दिवाळीत नव्या संगणकासमोर चोपडीबरोबरच परवान्याचा कागदही ठेवला गेला. डेस्कटॉप आता घरच्या माडीवर आहे. त्यावरील मिंटला २०२९ पर्यंत सुधारणा मिळत राहतील. पाठशाळेच्या लॅपटॉपची बॅटरी मात्र तेवढी टिकणारी नाही. तिच्यासाठी कल्याणच्या दुकानात चौकशी केली आहे, आणि मूळ कंपनीची मिळाली तरच घ्यायची असे ठरले आहे.